झोपेची मुळी आणि डॉ. रुस्तम जाल वकील

यशवंतपूरहून तुमकूर रस्त्याने निघाले आणि पीण्याचे कारखाने मागे पडले, की पुढे माकळी लागते. तेथे हिमालया ड्रग कंपनीचा औषधनिर्मितीचा विस्तीर्ण प्रकल्प आहे. गावी जाताना बसच्या खिडकीतून ती पाटी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेली असेल. ही कंपनी मूळची येथील नव्हे. 1930 मध्ये ती डेहराडून येथे स्थापन झाली, 1934 मध्ये तिने सर्पगंधेच्या मुळीपासून तयार केलेली ‘सर्पिना’ नावाची गोळी बाजारात आणली, आणि 1975 च्या सुमारास ती आपल्या शेजारास आली. बिहार-बंगालमधील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या झोपेसाठी उगाळली जाणारी ही मुळी जगातील हृदयरोगतज्ज्ञांच्या नजरेस आणून देण्याचे श्रेय मात्र मुंबईच्या एका डॉक्टरांकडे जाते. ते डॉक्टर म्हणजे रुस्तम जाल वकील.

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत एका हृदयरोगतज्ज्ञाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या शाळेचा परिसर रात्रपाळीचा परिसर आहे. एचएमटी आणि बीईएल यांच्या भोंग्यांवर येथील घरांची घड्याळे लावली गेली; आता संगणक कंपन्यांच्या गाड्या मध्यरात्री दाराशी येतात. दहावीचे वर्ष आले की मुलांचे जागरण आणि पालकांची तळमळ ही दोन्ही एकाच घरात नांदतात. झोप म्हणजे काय आणि झोपेची गोळी मेंदूत नेमके काय करते, हा प्रश्न येथे कोणालाच परका नाही. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा डॉ. वकील यांच्या कामातून निघतो, आणि तो बराचसा त्यांच्याही ध्यानीमनी नसताना.

रुस्तम वकील यांचा जन्म 17 जुलै 1911 रोजी एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि दुसरे महायुद्ध पेटण्यापूर्वी ते मुंबईस परतले. परळचे केईएम रुग्णालय आणि त्यास जोडलेले सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांची कर्मभूमी ठरली. परळ म्हणजे त्या काळी गिरण्यांचे माहेरघर. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार पाळ्यांत राबत होता, आणि आजारी पडला की याच रुग्णालयाची पायरी चढत होता. हृदयाच्या विकारांकडे ओढ असलेल्या तरुण डॉक्टरला एकच गोष्ट वारंवार अस्वस्थ करीत असणार: वाढलेला रक्तदाब मोजता येत होता, पण उतरविता येत नव्हता.

आज सकाळी एक गोळी घेऊन कामाला लागणाऱ्या वाचकास त्या काळाची असहायता समजणे कठीण आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब अनेक वर्षे चढत गेला. जगातील उत्तम डॉक्टर हाताशी असताना 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. उपाय होते ते असे: केवळ भात आणि फळे यांवर महिनोन्‌महिने राहणे, पाठीच्या कण्यालगतच्या नसा शस्त्रक्रियेने तोडणे, किंवा फेनोबार्बिटोन देऊन रोग्यास गुंगीत ठेवणे. हे शेवटचे औषध म्हणजे झोपेचेच औषध. मन शांत झाले की रक्तदाब आपोआप उतरेल, ही त्यामागील समजूत. बिचारा रोगी दिवसभर पेंगत असे आणि रक्तदाब बहुधा होता तेथेच राहत असे.

आता मुळीकडे वळू. सर्पगंधा हे हात-दीड हात उंचीचे लहान झुडूप. पांढरट फुले, तांबूस देठ, आणि जमिनीत नागमोडी जाणारी कडू मूळ. सापाच्या विषावर ती चालते अशी लोकसमजूत होती. ती खरी ठरली नाही. तिचा दुसरा उपयोग मात्र खरा होता. बिहारमध्ये तिला पागलांची दवा म्हणत. अनावर झालेल्या माणसास ती दिली की तो निवळत असे. शेतावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना निजविण्यासाठीही ती वापरीत. त्या आयांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण हा प्रघात धोक्याचा होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

1931 मध्ये कोलकात्याचे वैद्य गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीविषयी लेख लिहून तिचे दोन गुण नोंदविले: ती क्षुब्ध मनाला शांत करते आणि वाढलेला रक्तदाब उतरविते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. पुढे कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. एक कोडे मात्र सुटत नव्हते. शुद्ध स्फटिक हाती आले, पण झोप आणणारा गुण त्यांच्यात पुरता उतरत नव्हता. तो मागे राहिलेल्या राळेसारख्या चिकट अंशात लपून बसला होता.

म्हणजे वकील यांनी सर्पगंधा शोधून काढली नाही. असा दावा त्यांच्या नावावर कधीकधी खपविला जातो, तो गैर आहे. त्यांनी केले ते काम अधिक रूक्ष आणि माझ्या मते अधिक मोलाचे होते. त्यांनी माप घेतले. सुमारे दहा वर्षे ते ही मुळी आपल्या रोग्यांना देत होते. त्यांतून 50 रोग्यांची निवड करून त्यांनी व्यवस्थित नोंदी ठेवल्या. रक्तदाब ही मोठी लहरी गोष्ट आहे. डॉक्टरांच्या दाराशी तो चढतो, दोन-तीन भेटींनंतर ओळख झाली की आपणच थोडा उतरतो. औषध न देताही उतरतो. म्हणून औषधाविना रक्तदाब किती राहतो हे आधी पाहणे, मग ठरावीक काळ मुळीचे चूर्ण देणे, आणि ते थांबविल्यावरही मोजणी चालू ठेवणे आवश्यक होते. आज हे कोणत्याही विद्यार्थ्यास उघड वाटेल. तेव्हा आपल्याकडे देशी औषधाविषयी दोनच वृत्ती प्रचलित होत्या: एक, ते आपले म्हणून उत्तम, दुसरी, ते आपले म्हणून निरुपयोगी. वकील यांनी दोन्ही बाजूंना मोजपट्टी दाखविली.

निष्कर्ष ऑक्टोबर 1949 च्या ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक रोग्यांचा रक्तदाब उतरला होता. तो झटकन उतरत नव्हता, सावकाश उतरत होता. आणि औषध बंद केल्यावरही परिणाम पुष्कळ दिवस टिकून राहत होता. काहींना सुस्ती येत होती. सावकाशपणा, टिकाऊपणा आणि सुस्ती या तीन नोंदींत या औषधाचे सगळे रहस्य होते. ते उलगडण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वकील यांचा लेख वाचून मुळी मागविली आणि आपल्या रोग्यांवर वापरली. रोगी निवांत होतात, पण फेनोबार्बिटोनप्रमाणे गळून पडत नाहीत, हे त्यांच्याही ध्यानात आले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या चिकट अंशातूनच अखेर ते द्रव्य काढले. त्याचे नाव रेसर्पिन. मुळीच्या चूर्णाची मात्रा ग्रॅममध्ये असे, तर रेसर्पिनचा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी अंश रक्तदाबास पुरत असे. न्यूयॉर्क राज्यात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन 1954 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. ज्या आजारांत साखळदंड आणि बंद खोली यांपलीकडे फारसे काही नव्हते, तेथे औषध मिळू शकते ही कल्पनाच नवी होती. पागलांची दवा हे बिहारी नाव सात समुद्रांपलीकडे खरे ठरत होते.

1957 मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार वकील यांना मिळाला. त्याच वर्षी तो क्लाइन यांनाही मिळाला, आणि क्लोरप्रोमॅझिन या औषधाचे पाश्चात्त्य प्रवर्तकही मानकऱ्यांत होते. 1958 मध्ये भारत सरकारने वकील यांना पद्मभूषण दिले. एवढे होऊनही आपल्या घरांत हे नाव फारसे ऐकू येत नाही, याचे नवल वाटते.

येथे चरित्र थोडे बाजूस ठेवून मेंदूत डोकावले पाहिजे, कारण त्याशिवाय वकील यांच्या त्या तीन नोंदींचा अर्थ लागत नाही.

झोप म्हणजे दिवा मालविणे, थकलेल्या मेंदूने काम थांबविणे, अशी जुनी समजूत होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात एक विलक्षण मेंदूज्वर पसरला. त्यात काही रोगी आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींना अजिबात झोप लागत नसे. व्हिएन्नाचे डॉक्टर कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी मृतांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्याच्या मागील बाजूस इजा झालेले रोगी झोपाळू झाले होते, पुढील बाजूस इजा झालेले निद्रानाशाने तळमळत होते. म्हणजे जागे राहणे हे एक काम आहे आणि झोपणे हेही एक काम आहे. दोन्हींची कचेरी वेगळी. 1949 मध्ये, म्हणजे वकील यांचा लेख निघाला त्याच वर्षी, मोरुझ्झी आणि मागून या दोघांनी दाखवून दिले की मेंदूच्या बुंध्याशी, मस्तिष्कस्तंभात, सबंध मेंदूस जागवणारी एक यंत्रणा आहे. मुंबई आणि शिकागो येथील या दोन कामांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्या वर्षी कोणालाही ठाऊक नव्हते.

ही जागविणारी यंत्रणा रसायनांवर चालते. नॉरअॅड्रिनॅलीन, सेरोटोनिन, डोपामिन, हिस्टामिन ही त्यांतील प्रमुख. मस्तिष्कस्तंभातील आणि लगतच्या भागांतील पेशी ही द्रव्ये सोडतात आणि वरचा मेंदू जागा राहतो. याउलट हायपोथॅलॅमसच्या पुढील भागातील पेशी गाबा नावाचे द्रव्य सोडून या जागवणाऱ्यांना गप्प करतात. लहान मुलांच्या सी-सॉसारखे हे आहे: एक बाजू खाली गेली की दुसरी वर येते, आणि मधल्या अवस्थेत फार वेळ राहता येत नाही. फळीवर भार टाकणाऱ्या गोष्टी दोन. दिवसभर मेंदू काम करीत असताना अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. आपली फिल्टर कॉफी या अॅडिनोसिनचीच वाट अडवते, म्हणून ती तरतरी देते, पण साचलेले काही कमी करीत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावर चालणारे आतले घड्याळ. रात्रपाळी करून सकाळी उन्हातून घरी परतणाऱ्या माणसाची ओढ झोपेकडे असते, पण घड्याळ त्याला उठवीत असते. अशा माणसाला दिवसा नीट झोप लागत नाही यात त्याच्या मनोबलाचा काही दोष नाही.

आता रेसर्पिन. जागवणारी द्रव्ये पेशींच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. यशवंतपूरच्या मालधक्क्यावर वाघिणी उभ्या आहेत, माल आला आहे, पण भरणारे हात नाहीत अशी कल्पना करावी. रेसर्पिन नेमके हेच करते. पिशव्या भरणाऱ्या पंपास ते असे घट्ट धरते की तो पंप पुन्हा चालत नाही. न भरलेले द्रव्य पेशीतच नष्ट होते आणि गोदाम हळूहळू रिकामे होते. परिणाम सावकाश का, याचे उत्तर येथे मिळाले. नवे पंप तयार होईपर्यंत गोदाम भरत नाही. म्हणून औषध थांबविल्यावरही परिणाम टिकतो. रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसांतील नॉरअॅड्रिनॅलीन संपले की रक्तदाब उतरतो, आणि मेंदूतील साठे संपले की सुस्ती येते. परळच्या रुग्णालयातील तिन्ही नोंदी एकाच किल्लीने उघडल्या.

ही किल्ली 1950 च्या दशकात सापडली. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेने 1955 मध्ये रेसर्पिनने सेरोटोनिनचे साठे रिते होतात हे दाखविले. स्वीडनचे अर्विद कार्लसन काही काळ तेथे काम करून मायदेशी परतले. त्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना डोपामिनचा कच्चा माल असलेले एल-डोपा टोचले, आणि थोड्याच वेळात ते ससे कान टवकारून हिंडू लागले. डोपामिन हे मेंदूतील स्वतंत्र महत्त्वाचे द्रव्य आहे, हे त्या सशांनी सांगितले. कंपवाताच्या लक्षावधी रोग्यांना आज दिले जाणारे लेव्होडोपा हे औषध त्याच प्रयोगाच्या वाटेने आले, आणि 2000 मध्ये कार्लसन नोबेलचे मानकरी झाले. बिहारच्या शेतातील मुळीपासून स्टॉकहोमपर्यंतच्या या वाटेवर परळचा एक मुक्काम आहे.

एक बारकावा मात्र सुटता कामा नये. रेसर्पिन दिलेला प्राणी झोपलेला दिसतो, पण आवाज केला तर तो जागा होतो. तो झोपलेला नसतो. त्याला जागे ठेवणारी रसद तुटलेली असते. गुंगी आणि झोप या दोन गोष्टी आहेत. खऱ्या झोपेत मेंदू साधारण दीड तासाच्या फेऱ्या घेतो. गाढ झोप आणि स्वप्नांची झोप आळीपाळीने येतात, दिवसभरात शिकलेले पक्के होते. हे सारे मेंदूचे स्वतःचे काम आहे, आणि कोणतीही गोळी ते जसेच्या तसे करून देत नाही. फेनोबार्बिटोनच्या जातीची औषधे 1903 पासून आली. ती गाबाचा प्रभाव इतका वाढवतात की मात्रा चुकल्यास श्वासच थांबतो. 1960 नंतर आलेली लिब्रियम, व्हॅलियम आणि त्यांची भावंडे गाबासच हात देतात, पण थोड्या मर्यादेने. एकटी घेतली तर कमी धोक्याची, दारूसोबत घातक, आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर एकदम सोडली तर झोप पार उडवणारी, प्रसंगी झटके आणणारी. गाढ झोपेचा वाटाही ती कमी करतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी येणारी पेंग ही हिस्टामिन अडविल्याची. अलीकडची काही औषधे ओरेक्सिन या 1998 मध्ये सापडलेल्या जागवणाऱ्या द्रव्यास रोखतात. म्हणजे झोप लादण्याऐवजी जागेपणाची पकड सैल करतात. या गोळ्यांपैकी बऱ्याचशा डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. शेजाऱ्याकडची अर्धी पट्टी मागून आणण्याची आपली सवय त्या कायद्याहून जुनी आहे, हे खरे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस 9 ते 12 तास आणि त्यापुढील शाळकरी मुलांस 8 ते 10 तास झोप हवी. परीक्षेच्या वर्षी हा आकडा बदलत नाही.

रेसर्पिनचा पुढचा इतिहास निर्भेळ यशाचा नाही. अधिक मात्रा घेणाऱ्या काही रोग्यांना खोल विषण्णता येते अशा नोंदी 1950 च्या दशकातच येऊ लागल्या. मेंदूतील ही द्रव्ये आणि मनाची अवस्था यांचा संबंध असावा हा विचार त्यातूनच बळावला, जरी आज तो इतका सरळ मानला जात नाही. रक्तदाबावर अधिक सोयीची औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. वैद्यकात असे होतच असते.

वकील मात्र एका मुळीपाशी थांबले नाहीत. हृदयविकाराचा झटका येण्यापूर्वी छातीत उठणाऱ्या वेदनेचे जे विशिष्ट रूप असते, त्या पूर्वसूचनेच्या अवस्थेवर त्यांनी नंतरच्या काळात काम केले. झटका आल्यावर धावाधाव करण्याऐवजी तो ओळखून टाळता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. डॉ. गोलवाला यांच्यासमवेत त्यांनी रोगनिदानावर लिहिलेले पाठ्यपुस्तक वैद्यकाच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी हाताळले. रोग्याकडे पाहावे कसे, नाडी धरावी कशी, काय दिसते आणि काय दिसते असे केवळ वाटते, यांतील भेद त्या पुस्तकाने शिकविला. 50 रोग्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसास हा विषय शोभणाराच.

1974 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आपल्या बंगळूरात होसूर रस्त्यावरील जुने मानसिक रुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र येऊन निम्हान्स उभी राहिली. तेथे आज झोपेचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, आणि खरा मानवी मेंदू पाहता येईल असे संग्रहालयही आहे. पालकांनी मुलांना एकदा तेथे जरूर न्यावे.

सर्पगंधेचे झुडूप सह्याद्रीच्या रानांतही आढळते, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात. औषध तिच्या मुळात असल्यामुळे ते मिळवायचे म्हणजे झाड उपटायचे, आणि 1950 नंतरच्या मागणीने ती रानोमाळ उपटली गेली. 1990 मध्ये तिचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेले. आता ती शेतात लावली जाते. बी फार कमी रुजते, म्हणून शेतकरी मुळांचे तुकडेही लावतात, आणि मूळ काढण्याजोगे होण्यासाठी दीड-दोन वर्षे वाट पाहतात.